सह्याद्रीच्या माहेरी : रियुनियन बेटावरचा जागता ज्वालामुखी आणि आमचा अकरा जणांचा ट्रेक

कातळवेडी (धागाकर्ती)
विभाग : भटकंती

मंडळी, दोन वर्षं ठरत होतं, मोडत होतं, ते गेल्या ऑगस्टमध्ये एकदाचं जमलं. पुण्या-साताऱ्याकडचे आम्ही अकरा जण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेलो आणि 'पितों द ला फुर्नेझ' या जागत्या ज्वालामुखीवर चालून आलो. सर्वांत धाकटी चोवीस वर्षांची, सर्वांत थोरले त्रेसष्टचे काका. नावाचा अर्थ भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर.

एवढ्या लांब हाच डोंगर का, हे आधी सांगते. आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर आला. तेव्हा आपला भूखंड आत्ता रियुनियन आहे त्या भागावरून सरकत होता आणि खाली पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा होती. आपण उत्तरेला निघून आलो. ती जागा खालीच राहिली, अधूनमधून समुद्राचा तळ फोडत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस असा तिचा माग नकाशावर दिसतो आणि त्याच्या टोकाला रियुनियन आहे. पंचवीस वर्षं सह्याद्रीत हिंडतेय. ज्या कातळावर पाय ठेवून वाढले, तो कातळ ताजा असताना कसा दिसत असेल हे मला मरायच्या आत एकदा बघायचंच होतं.

बेट २१ अंश दक्षिणेला आहे, म्हणजे नागपूर विषुववृत्ताच्या जितकं वर, साधारण तितकंच हे खाली. पण उष्ण कटिबंध म्हणून सुती कपडे घेऊन जाल तर फसाल. ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आम्ही ज्वालामुखीजवळच्या निवाऱ्यात (तिथे 'जीत' म्हणतात, सामाईक खोल्या, रांगेत खाटा) राहिलो. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरलेला होता.

वर जाणारा रस्ता बूर म्युरा गावावरून निघतो. आधी हिरवी कुरणं, गाई, थेट युरोपातलं वाटावं असं. मग एका वळणावर सगळं संपतं आणि खाली 'प्लेन दे साब्ल' उघडतं. नाव वाळूचं, पण वाळू नाही, ज्वालामुखीतून उडालेल्या खड्यांचं तांबूस-काळं मैदान आहे. गाडीतली बडबड आपोआप थांबली. त्या मैदानातून कच्च्या रस्त्याने 'पा द बेलकोंब' या खिंडीवर पोचायचं. खिंड २,३११ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे चालायला सुरुवातच कळसूबाईच्या डोक्यावरून साडेसहाशे मीटर वर होते.

खिंडीवरून पहिल्यांदा उतरायचं असतं. समोर 'आंक्लो' पसरलेला दिसतो. आंक्लो म्हणजे कुंपण घातलेली जागा. ज्वालामुखीचा माथा पूर्वी कधीतरी खचून झालेली ही घोड्याच्या नालाच्या आकाराची अवाढव्य बशी, तीन बाजूंनी उभे कडे आणि चौथी बाजू समुद्राकडे मोकळी. पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून आपण तिच्या तळाशी येतो, आणि तळ म्हणजे नुसता लाव्हा.

सकाळी पाचला कपाळावर दिवे लावून निघालो. पायऱ्या संपल्यावर पहिलं येतं 'फोर्मिका लेओ', १७५३ साली तयार झालेला तांबड्या खड्यांचा बुटका शंकू. मग 'शापेल द रोझमों', लाव्हा फुगून आतून पोकळ राहिलेली एक घुमटी. आत वाकून शिरता येतं, छताला लाव्हाचे थेंब गोठलेले आहेत. मी दिवा लावून एक थेंब जवळून पाहिला. करंगळीच्या टोकाएवढा, तुळतुळीत, खाली टपकायच्या बेतात असलेला आणि तसाच थिजलेला. आपल्याकडच्या लेण्यांत छिन्नीच्या घावांवरून हात फिरवताना वाटतं तसंच काहीतरी वाटलं, फक्त इथे घडवणारा हात नव्हता.

उजाडलं तसा कातळ दिसायला लागला. दोन तऱ्हेचा. एक गुळगुळीत, दोरखंडाचे वेढे टाकावेत तशा सुरकुत्या पडलेला. त्यावर चालताना पोकळ आवाज येतो. दुसरा चुरा-चुरा, धारदार, स्थानिक लोक त्याला 'ग्रातों' म्हणतात (डुकराच्या चरबीच्या तळलेल्या कुरकुरीत तुकड्यांवरून ते नाव पडलंय). मी तोल सावरायला एकदाच त्यावर तळवा टेकला. तीन ठिकाणी रक्त.

त्या काळ्या पसाऱ्यात पहिला जीव म्हणजे राखाडी-पांढऱ्या दगडफुलाची बारीक लव. जिथे लाव्हा थोडा जुना, तिथे ती कातळभर पसरलेली. त्याहून जुन्या कातळाच्या भेगेत एखादं नेचं. मग कुठेतरी गुडघाभर झुडूप. दगडाची माती कशी होते ते चालता चालता क्रमाने दिसत होतं.

सोबतीला एक पक्षी होता, तिथला 'टेकटेक'. आपल्या गप्पीदासाचा जवळचा भाऊबंद, फक्त याच बेटावर राहतो. सारखा पुढच्या दगडावर जाऊन बसायचा, आम्ही जवळ आलो की त्यापुढच्या.

सव्वाआठला माथ्यावरच्या दोलोम्यो विवराच्या काठावर पोचलो. २००७ च्या एप्रिलमध्ये मोठा उद्रेक झाला. पोटातला लाव्हा खाली कडेच्या भेगेतून निघून गेला, आधार गेला आणि विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला. आता जवळजवळ एक किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे, भिंतींत लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली पाहिलेल्यांना ते थर ओळखीचे वाटतील. काका काठापासून लांब शांत बसले होते. म्हणाले, "हे हरिश्चंद्रगडाचं बाळंतपण आहे गं." बाकी कोणी काही बोललं नाही.

आता जे चुकलं ते लिहिते, कारण धागा त्यासाठीच काढलाय.

वाट म्हणजे कातळावर मारलेले पांढरे ठिपके, दुसरी काही खूण नाही. साडेनऊला परत निघालो आणि दहाच्या सुमारास समुद्राकडून ढग चढले. पंधरा मिनिटांत दहा पावलांपलीकडचं दिसेना. काळ्यावर पांढरा ठिपका स्वच्छ दिसतो, पण ढगात तोच ठिपका आधी नाहीसा होतो. पुढे चौघं, मधे चौघं, मागे तिघं अशी आमची फाटाफूट झालेली. मागच्या तिघांत काका होते आणि त्यांच्या बुटाचा तळ ग्रातोंने सोलून काढला होता. दोरीने बांधून चालत होते. वेळ वाचवायला तिघांनी ठिपके सोडून कड्याच्या दिशेने सरळ कापायचं ठरवलं. सह्याद्रीत आपण करतो ना, समोर धार दिसतेय, मधली ओघळ ओलांडली की झालं, तसं. इथे दोन मिनिटांत समोरची धारच ढगात गेली.

सुदैवाने तिघंही तिथेच खाली बसले आणि शिट्टी वाजवू लागले. आम्ही ठिपक्यावर एक माणूस उभा करायचा, त्याच्या आवाजाच्या टप्प्यात दुसरा, अशी साखळी करत त्यांच्यापर्यंत गेलो. पंचवीस मिनिटं लागली. वाटेपासून ते जेमतेम ऐंशी-नव्वद पावलांवर होते.

म्होरकी मी होते. बूट आदल्या रात्री तपासायचे होते ते तपासले नाहीत आणि उतरताना सगळ्यांना एकत्र ठेवलं नाही. दोन्ही चुका माझ्या. आंक्लोत ढगात हरवून माणसं दगावलेली आहेत. तिथे ना झाड, ना पाणी, ना आडोसा.

खर्च, व्हिसा वगैरे विचारा, प्रतिसादात सांगते.

---

सह्यमित्र_सातारा

ताई, वाचताना अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली. शेवटचा भाग प्रत्येक ट्रेक ग्रुपने वाचायला हवा.

एक विचारतो. जागत्या ज्वालामुखीवर चालायला सोडतात कसे? आपल्याकडे पावसाळ्यात धबधबा बंद करतात, आणि हे तर साक्षात.

---

कातळवेडी

दादा, अगदी बरोबर प्रश्न. आमच्या घरच्यांनीही हाच विचारला होता.

हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जास्त वेळा उद्रेक होणाऱ्यांपैकी आहे, पण बहुतेक वेळा तो फुटत नाही, वाहतो. भेग पडते, कारंजं उडतं, लाव्हा समुद्राच्या दिशेने उतरतो आणि सहसा आंक्लोच्या कुंपणातच राहतो. उद्रेकाआधी बारीक भूकंप होतात, डोंगर किंचित फुगतो. बूर म्युराला वेधशाळा आहे, ती डोंगराची नाडी रात्रंदिवस धरून बसलेली असते. चिन्हं दिसली की प्रशासन आंक्लोचं फाटक बंद करतं आणि आत असलेल्यांना बाहेर काढतं. बंद म्हणजे बंद.

फाटक बंद असेल तर नाराज होऊ नका. वरच्या कड्याच्या काठाने 'पितों द बेर' पर्यंत वाट जाते. आम्ही तिसऱ्या दिवशी ती केली. आत न उतरता सगळा पसारा दिसतो, आणि ज्येष्ठांना तीच जास्त आवडली.

---

थरावरथर

भूविज्ञान शिकवतो म्हणून थोडी भर घालतो. धागा उत्तम, 'माहेर' शब्दही आवडला, पण दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

पहिली, आपला लाव्हा आज दिसणाऱ्या त्या डोंगरातून आलेला नाही. रियुनियन बेट जेमतेम काही दशलक्ष वर्षांचं आणि पितों द ला फुर्नेझ तर साधारण पाच लाख वर्षांचा. एक आहे ती खालची तप्त जागा. बहुसंख्य भूवैज्ञानिक हे मानतात, काहींचे आक्षेपही आहेत.

दुसरी, दख्खनचा लाव्हा शंकूच्या तोंडातून उसळला असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. तो मुख्यतः लांबच लांब भेगांमधून आला आणि पसरला. आज उरलेला पसारासुद्धा पाच लाख चौरस किलोमीटर आहे. रियुनियनचं अख्खं बेट अडीच हजार चौरस किलोमीटर. त्यामुळे आंक्लोतला प्रवाह पाहून आपल्याकडे काय झालं असेल याचा पोत कळतो, पण आवाका कळत नाही.

दगडफुलं आणि नेच्याबद्दल लिहिलंत ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुण्याजवळच्या घाटरस्त्यांवर, जिथे डोंगर कापलाय, तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमधे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक प्रवाह येऊन थंड झाला. मग बराच काळ काही आलं नाही. वरचा कातळ कुजला, माती धरली. मग पुढचा प्रवाह आला आणि त्याने ती माती भाजून काढली. तोच तो पट्टा. तुम्ही आंक्लोत जे पाहिलंत ते अशा पट्ट्याचे पहिले दिवस आहेत.

---

कातळवेडी

सर, मनापासून आभार. भेगांचं आमच्या वाटाड्यानेही दाखवलं होतं, माझ्याकडून लिहायचं राहिलं. आंक्लोतसुद्धा बरेच उद्रेक माथ्यावरून न होता उतारावरच्या भेगांतून होतात.

---

मॉरिशसहून

नोकरीनिमित्त सहा वर्षं मॉरिशसला आहे. इथून रियुनियन विमानाने पाऊण तासावर, त्यामुळे चार वेळा जाणं झालं. काही गोष्टी उपयोगी पडाव्यात म्हणून.

रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, चलन युरो, पण ते शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) येत नाही. युरोपचा व्हिसा आहे म्हणून निघाल तर अडकाल. अर्ज करतानाच रियुनियनसाठी असं सांगून चौकशी करा. नियम बदलत असतात.

डिसेंबर ते मार्च जाऊ नका. वादळांचा काळ. चेरापुंजीचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, पण बारा तासांपासून पंधरा दिवसांपर्यंतच्या पावसाचे बरेच जागतिक विक्रम या बेटावर आहेत. ज्वालामुखीच्या रस्त्यावर 'कोमेर्सों' नावाचं विवर लागतं, गाडी थांबवून बघण्यासारखं. तिथे १९८० च्या जानेवारीतल्या वादळात पंधरा दिवसांत ६,०८३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. महाबळेश्वरचा सबंध पावसाळा पंधरा दिवसांत, असं समजा.

आणि ज्वालामुखीचा माथा करून परत फिरू नका. खाली समुद्राकडच्या रस्त्याने 'ग्रां ब्रुले'ला जा, म्हणजे मोठा जळका पट्टा. रस्त्याच्या कडेला कोणत्या सालचा लाव्हा त्याच्या पाट्या आहेत. २००७ चा लाव्हा इतका जाड होता की पुढे कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफ निघायची. मी स्वतः पाहिलीय. सेंत रोझजवळ एक चर्च आहे. १९७७ साली लाव्हा आंक्लोच्या बाहेर निघाला, गावातली घरं गेली, पण चर्चच्या दारापर्यंत येऊन थांबला. दोन्ही बाजूंनी भिंतींना टेकलेला काळा दगड अजून तसाच आहे. मी ख्रिस्ती नाही, पण तिथे चप्पल काढावीशी वाटली. ती वेधशाळाही त्याच उद्रेकानंतर उभी राहिली.

---

कातळवेडी

+१. चर्चबद्दल लिहायला हवं होतं. आम्ही गेलो तेव्हा एक आजी एकट्याच आत फुलं बदलत होत्या. आमच्याकडे बघून त्या हसल्या आणि दाराबाहेरच्या लाव्हाकडे बोट करून हातानेच 'इथवर' अशी खूण केली.

---

पिठलंभाकरी

खायचं काय झालं ते सांगा की! आमच्या ग्रुपमध्ये निम्मे शाकाहारी आहेत, त्यातल्या दोघींना कांदा-लसूणही चालत नाही.

---

कातळवेडी

ताई, शाकाहाराची गैरसोय वाटते तेवढी नाही. तिथला रोजचा स्वयंपाक म्हणजे भात, त्यावर 'कारी' (नावच बोलतंय), सोबत डाळ-कडधान्य आणि 'रुगाय' नावाचं टोमॅटो-मिरचीचं झणझणीत तोंडीलावणं. कारी मांसाची असते, पण निवाऱ्यात आरक्षण करतानाच शाकाहारी किती ते कळवलं तर भात, सिलाओसचे (बेटावरचं एक डोंगरी गाव) मसूर आणि पालेभाजी मिळते. सिलाओसचे मसूर बारीक आणि इतके चविष्ट की आमच्यातल्या चौघांनी दोन-दोन किलो बांधून आणले. कांदा-लसूण नको असेल तर मात्र अवघड. आपला शिधा न्या.

गावागावांत समोसे मिळतात, आणि 'बोंबों पिमां' म्हणून डाळवड्यासारखे मिरचीचे वडे. हे आपल्याकडूनच गेलेलं. १८४८ मध्ये तिथली गुलामी संपली, त्यानंतर उसाच्या मळ्यांवर तामिळ प्रदेशातून हजारो मजूर करारावर नेले. त्यांच्या वंशजांना तिथे 'मालबार' म्हणतात. रंगीत गोपुरांची देवळं आहेत. एका दुकानदारबाईंनी आम्ही भारतातले कळल्यावर काकांचा हात धरून ठेवला, सोडेचनात. भाषा एकमेकांची येत नव्हती. निघताना केळ्यांची फणी दिली, पैसे घेतले नाहीत.

---

नवखा_ट्रेकर

मुलगा बारा वर्षांचा आहे, राजमाची-तिकोना केलेत. त्याला नेता येईल का? आणि पाणी किती लागतं? आणि एक दगड आठवण म्हणून आणता का आला नाही?

---

थरावरथर

दगडाचं मी सांगतो. आणू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे आणि २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत. तुमच्या गच्चीवरच्या कुंडीखाली जो काळा दगड ठेवलाय ना, तो त्याच वंशातला आहे आणि कितीतरी थोरला.

---

कातळवेडी

बारा वर्षांच्या मुलाला फोर्मिका लेओ आणि शापेल द रोझमोंपर्यंत जरूर न्या. परत वर येऊन अडीच-तीन तासांत होतं आणि खरा लाव्हा पायाखाली मिळतो. माथ्यापर्यंत जाऊन-येऊन पाच ते सहा तास, सावलीचा एक ठिपका नाही. तिकोन्याला दमत नसेल आणि पहाटे पाचला निघायची तयारी असेल तर तेही जमेल, पण नऊच्या आत परतीला लागा. शेवटी त्या पाचशे पायऱ्या चढायच्या असतात, त्यासाठी दम राखून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर खिंडीवरूनच घेऊन निघा, आत कुठेही मिळत नाही. वारा थंड असल्यामुळे तहान लागलेली कळत नाही आणि ऊन तर चामडी सोलतं. पूर्ण बाह्या, टोपी, जाड तळाचे बूट, हातमोजे. प्रत्येकाकडे स्वतःची शिट्टी हवी, ग्रुपमध्ये एक नव्हे. तातडीला ११२. डोंगरी बचाव पथक हेलिकॉप्टरने येतं, पण ढगात त्यालाही दिसत नाही.

---

सह्यमित्र_सातारा

काकांच्या बुटाचं पुढे काय झालं?

---

कातळवेडी

बूट सतरा वर्षांचे होते, बाहेरून एकदम ठणठणीत. तळ चिकटवलेला डिंकच आतून वाळून गेला होता. ज्यांचे बूट कपाटात बरीच वर्षं पडून आहेत त्यांनी निघायच्या पंधरा दिवस आधी ते घालून रोज चालून बघा.

काकांनी तळ तिथे टाकला नाही, पिशवीत घालून परत आणला. आता नवे बूट घेतलेत आणि मागच्या रविवारी ते घालून सिंहगड करून आले. पायऱ्यांवरून नाही, कातळाच्या कडेने. फोनवर मला तासभर फक्त कातळाचंच सांगत होते, दोरखंडासारख्या सुरकुत्या कुठे दिसल्या, लाल पट्टा कुठे दिसला. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जातेय. थरावरथर सर, तुम्हाला जमणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, सकाळी सहाला पायथ्याशी भेटू.

---

थरावरथर

येतो. भिंग घेऊन येतो.